कोन्यातला खिळा

रूमी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कर्मकांड धुडकावणारा, नुसता प्रेमात बुडालेला कवी येतो. सुविचारांच्या फॉरवर्डनी ही समजूत पक्की केलेली. तीच घेऊन मी तुर्कस्तानात कोन्याला गेले, आणि अडकले ती मठाच्या स्वयंपाकघरात.

मठ म्हणजे रूमीच्या सूफी पंथाचं ठाणं, आताचं मेव्लाना संग्रहालय. मेव्लाना हे रूमीचंच आदराचं नाव. १९२५ साली सरकारने सगळे सूफी मठ कायद्याने बंद केले, १९२७ मध्ये हा दर्गा संग्रहालय म्हणून उघडला. स्वयंपाकघराला तिथे ‘मतबाह’ म्हणतात. आपला मुदबखही त्याच अरबी शब्दाचा!

पंथात यायला नवा माणूस आला की स्वयंपाकघराच्या दाराशी कातड्यावर गुडघे मुडपून बसायचा. तीन दिवस. बोलायचं नाही, फक्त बघायचं. टिकला तर १००१ दिवसांची सेवा: झाडलोट, भांडी, बाजारहाट, संडास धुणंसुद्धा. नाहीच जमलं तर कोणी ‘चालता हो’ म्हणत नसे. त्याच्या जोड्यांची टोकं गुपचूप बाहेरच्या दिशेला वळवून ठेवत.

तिथेच गिरकीच्या सरावाची फळी आहे, मधोमध खिळा ठोकलेली. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात तो खिळा धरायचा, फळीवर मीठ भुरभुरायचं आणि उजव्या पायाने स्वतःला फिरवायचं. मी नकळत चपलेतली बोटं आवळली.

आदल्या रात्री सेमा, म्हणजे या पंथाचा गिरक्या घेत करायचा विधी, पाहिला होता. काळा झगा म्हणजे कबर, तो उतरवायचा. पांढरा घेर म्हणजे कफन. उंच नमद्याची टोपी म्हणजे थडग्यावरचा दगड. उजवा तळहात वर, डावा जमिनीकडे. काय ती मोकळीक, असं वाटलं होतं. डावा पाय जमीन सोडत नाही, हे फळी बघितल्यावर आठवलं.

रूमी स्वतः मदरशात शिकवणारा धर्मपंडित. मस्नवी या त्याच्या दीर्घकाव्याच्या पाचव्या भागाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो, शरीयत म्हणजे धर्माचे नियम हा दिवा, त्याच्या उजेडात चालणं ही तरीकत म्हणजे साधनेची वाट, आणि पोचणं म्हणजे हकीकत, अंतिम सत्य. तांब्याचं सोनं झाल्यावर किमयेची गरज उरत नाही, असंही तिथेच आहे. फॉरवर्डवाले नेमकं तेवढंच उचलतात. आधी तांबं आहोत, हे कोण कबूल करणार? मीही केलं नव्हतं.

मग हिरव्या घुमटाखाली गेले. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. १२७३ च्या डिसेंबरात वारलेल्या रूमीची जरतारी वस्त्राने झाकलेली कबर, वर भला मोठा फेटा. कागदोपत्री हे संग्रहालय. पण माझ्या शेजारची म्हातारी दोन्ही तळहात उघडे धरून पुटपुटत होती, आणि तिच्यामागची रांग न बोलता थांबली होती. मला तळहातांचं काय करावं कळेना. शेवटी पर्सचा पट्टा धरून उभी राहिले.

बाहेर येऊन पिशव्या काढल्या आणि उगाच बुटांकडे पाहिलं. टोकं अर्थातच बाहेरच्या दिशेला होती.