नवतपा आणि जुनी जर्मन गाडी

नागपुरात जुनी बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी घ्यायची असेल तर ती दोनदा बघा. एकदा सकाळी सहाला, इंजिन रात्रभर थंड पडलेलं असताना. दुसऱ्यांदा मे महिन्यातल्या दुपारी दोनला, एसी पूर्ण लावून. डिसेंबरात सकाळी अकराला सगळ्याच गाड्या छान चालतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५च्या वर गेला की रबर, प्लास्टिक आणि तेल या तीन गोष्टी गाडीचं खरं वय सांगतात. मीटरवरचे किलोमीटर त्यापुढे दुय्यम आहेत.

आधी पैशांचं. नवी असताना पन्नास लाखांची असलेली सेदान आठ-दहा वर्षांनी दहा-बारा लाखांत मिळते. पण तिचा रेडिएटर, तिचा कंट्रोल आर्म, तिचा हेडलाइट पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. म्हणून बारा लाखांचं बजेट असेल तर गाडी साडेनऊची बघा आणि उरलेले अडीच लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. हे पैसे लागणारच आहेत, हे धरूनच चाला. ज्याच्याकडे ते नाहीत त्याने त्याच पैशांत नवी किंवा जवळपास नवी साधी गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सकाळची फेरी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, 'गाडी सुरू करून ठेवू नका.' पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर थंड इंजिनचा आवाज ऐकू द्यायचा नाही, एवढाच अर्थ निघतो. बीएमडब्ल्यू ३२०डीमध्ये २०१५च्या आसपासपर्यंत एन४७ इंजिन यायचं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी, इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. चेन किंवा तिचे प्लास्टिकचे गाइड झिजले की सुरू केल्यावर मागून खरखर येते आणि १,५०० ते २,००० आरपीएममध्ये ती जास्त कळते. ते काम करायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, म्हणून 'थोडा आवाज आहे, होऊन जाईल' हे ऐकून घेऊ नका. नंतरचं बी४७ या बाबतीत बरंच सुधारलेलं आहे. मर्सिडीजच्या ओएम६५१ डिझेलचीही चेन मागेच असते. ऑडीच्या १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोलमध्ये, म्हणजे साधारण २००८ ते २०१२च्या पिढीत, दोन दुखणी ठरलेली: चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि पिस्टनच्या ऑइल रिंगा. रिंगा गेल्या की इंजिन तेल पितं, कधी कधी हजार किलोमीटरला लिटरभर. चाचणी फेरीत हे कळत नाही, म्हणून मालकाच्या सर्व्हिस बिलांत दोन सर्व्हिसच्या मधे तेलाचे डबे विकत घेतलेले दिसतात का ते बघा.

गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका. पाचशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र इथे पुरत नाही. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेन्ट्री, ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओडिस लागतं. नुसते फॉल्ट कोड वाचून थांबू नका, कारण कोड आदल्या रात्री पुसता येतात. सगळेच कोड एकदम कोरे असतील तर उलट जास्त विचारा. किलोमीटर एकापेक्षा जास्त मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांत, नोंदलेले असतात आणि मीटर फिरवणारा सगळीकडे हात घालतोच असं नाही. बीएमडब्ल्यूच्या चावीतसुद्धा किलोमीटरची नोंद असते. डॅशबोर्ड ६२,००० दाखवतो आणि गिअरबॉक्सचं मॉड्यूल १,१८,००० म्हणतं, तर तिथून उठा. डिझेलमध्ये इंजेक्टरचे करेक्शनचे आकडेही बघा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं डिझेल संगणक किती कमी-जास्त करतो ते. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक बाजूला पळालेला असेल तर तो इंजेक्टर थकला आहे.

दुपारची फेरी कूलिंगसाठी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण आपल्या हवेत जर्मन गाड्या मुख्यतः इथेच मार खातात. थर्मोस्टॅटचं घर, कूलंटची टाकी, होजचे जोड हे सगळं प्लास्टिकचं. रोज तापून निवून ते ठिसूळ होतं, मग एका दिवशी जोडाची कड तुटते आणि दोन मिनिटांत कूलंट रस्त्यावर येतं. अनेक बीएमडब्ल्यूंत कूलंटच्या तापमानाचा काटाच नसतो. दिवा पेटेपर्यंत आपल्याला कळत नाही, आणि तेव्हा गाडी आणखी दोन किलोमीटर रेटली तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं. म्हणून सदर, सीताबर्डी असं गर्दीतून अर्धा तास फिरवा आणि स्कॅनरवर तापमान बघत राहा. डिझेल इंजिन ९० अंशांच्या आसपास स्थिर राहायला हवं. सिग्नलला उभं राहिल्यावर चढत असेल तर फॅन, वॉटर पंप किंवा पुढे अडकलेली धूळ यांपैकी काहीतरी आहे.

त्या धुळीबद्दल थोडं. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक बसवलेले असतात. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण मधल्या फटीत किडे, कापूस आणि माती यांची गादी तयार होते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या भागात रोज जाणाऱ्या गाड्यांत राखही असते. ते काढायला बंपर उघडून मागून पुढे हलक्या धारेने पाणी मारायचं. प्रेशर वॉशर मारला की जाळीचे पत्रे वाकतात आणि होती ती हवाही बंद होते.

कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. कूलंट गढूळ किंवा गंजट दिसला तर त्यात कोणीतरी बोअरचं पाणी ओतलं असण्याची शक्यता आहे. नागपुरातल्या बोअरचं पाणी जड, क्षार आतल्या नळ्यांत बसतात. जोडांवर पांढरी-गुलाबी वाळलेली पापडी असेल तर तिथून गळती आहे. गाडी घेतल्यावर कूलंट पूर्ण काढून कंपनीने सांगितलेल्या जातीचं कॉन्सन्ट्रेट डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून भरा. रंग सारखा दिसतो म्हणून दोन जाती एकत्र करू नका. गाडी आठ वर्षं किंवा लाखभर किलोमीटरपुढे गेली असेल तर वॉटर पंप, थर्मोस्टॅट, झाकणासह टाकी, वरचा-खालचा होज, बेल्ट आणि त्याचा टेन्शनर हे एकाच वेळी बदला. एकेक करून बदलाल तर मजुरी तीनदा द्याल. बीएमडब्ल्यू डिझेल घेत असाल तर चॅसिस नंबरवरून ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागाच्या) रिकॉलचं काम झालं का तेही विचारा. कूलरमधून कूलंट झिरपून काजळीत मिसळला की आतलं धगधगू शकतं, म्हणून कंपनीने २०१८मध्ये जगभर हा रिकॉल वाढवला होता.

गिअरबॉक्स. बीएमडब्ल्यूतला झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स उत्तम आहे, फक्त त्याचं तेल 'आयुष्यभराचं' हे शोरूमचं वाक्य विसरा. बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांना तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलतो. सात लिटर तेल जवळ ठेवा, सगळं निघत नाही कारण काही टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. पॅन उतरलाच आहे तर मेकाट्रॉनिकची, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटची, सीलिंग स्लीव्हही बदलून घ्या, ती तिथूनच गळते. आता खरी अडचण. लेव्हल ठरवताना इंजिन सुरू, गाडी सपाट आणि तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांत असायला हवं. भोकातून तेल थेंब-थेंब पडायला लागलं की बोल्ट लावायचा. मे महिन्यात शेडखाली दुपारी उभ्या गाडीचं तेल आधीच ४०च्या वर असतं, इंजिन सुरू केल्यावर मेकॅनिकला फार थोडा वेळ मिळतो आणि तेल कमी बसतं. हे काम पहाटे करायला सांगा, आणि स्कॅनरवर तापमान स्वतः बघा.

चाचणीत गिअरबॉक्स अर्धा तास गरम झाल्यावर तपासा. आर मधून डी मध्ये टाकल्यावर सेकंदापेक्षा जास्त थांबून झटका बसतो का, ४० ते ६०च्या वेगात हलक्या पायाने चालवताना रस्त्यावर बारीक खडे असल्यासारखी थरथर येते का. मर्सिडीजच्या सात गिअरच्या बॉक्सला ६०,०००ला तेल-फिल्टर, ऑडीच्या ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचच्या एस-ट्रॉनिक गिअरबॉक्सलाही तेवढ्यालाच. त्याचं बिल नसेल तर किमतीतून ती रक्कम वजा करा.

एअर सस्पेन्शनची, स्प्रिंगऐवजी हवेच्या बलूनवर उभी असलेली गाडी, म्हणजे जुनी क्यू७, एमएल, जीएल, एस-क्लास, मी नागपुरात पहिली लक्झरी गाडी म्हणून घ्यायला सांगणार नाही. उन्हात बलूनच्या रबराला घडीवर भेगा पडतात, हवा हळूहळू जाते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे एका बलूनचं दुखणं कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतं. घ्यायचीच असेल तर संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेपने मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बसला असेल तर तिथे गळती आहे.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा विषय नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या दुरुस्त होऊन बाजारात फिरतात, कधी दुसऱ्या शहरात जाऊन परत येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, गालिचाखालचा फोम दाबल्यावर दमट लागतो का, बघा. यात एक फसगत होऊ शकते: सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या कडुलिंबाच्या पानांनी तुंबल्या तरी पाणी पायाशीच येतं. तीही बातमी वाईटच, कारण बऱ्याच मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड गालिचाखाली असतात. विमा कंपनीकडे पॉलिसी नंबरवरून जुने क्लेम आणि त्यांची रक्कम मालकालाच विचारायला लावा.

रंगाच्या जाडीचं मीटर भाड्याने किंवा डेंटर-पेंटरकडे मिळतं. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक दरवाजा २५० दाखवत असेल तर पुन्हा रंगवला आहे, त्यात घाबरण्यासारखं नाही. ५००च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे, आणि ती छपरावर किंवा खांबांवर सापडली तर गाडी सोडा.

कागदपत्रं थोडक्यात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर वर्षानुवर्षे बंदीची टांगती तलवार राहिली, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. पण त्यात फॉर्म २८ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्या नंबरची धावपळ मिळवा. हिशेब मांडला की नागपूरच्या एमएच ३१ किंवा ४९ पासिंगची, एकाच मालकाची गाडी बहुतेक वेळा बरी पडते. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवणारा फॉर्म ३५ हातात घ्या, थकलेली ई-चलानं ऑनलाइन बघा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. विमा १४ दिवसांत नावावर करा. जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, सहज मिळत नाही, आणि साध्या पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर आणि होज जर्मन असले की हा आकडा मोठा होतो. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर मात्र जोडून घ्याच.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल बदला: डिझेल गाड्यांत बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडीला ५०७.०० असं डब्यावर लिहिलेलं हवं. ३२०डीला पाच-सव्वापाच लिटर, ओएम६५१ला साडेसहा. पुढे गाडीचा संगणक काहीही म्हणो, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. बरेच पार्ट नागपुरात तयार मिळत नाहीत, मुंबई-पुणे-दिल्लीहून येतात. पूर्ण चॅसिस नंबर देऊन मागवा म्हणजे चुकीचा येणार नाही. कंपनीच्या डब्यातला पार्ट परवडत नसेल तर ज्यांनी तो मुळात बनवला त्यांचा घ्या: सस्पेन्शनला लेमफर्डर, शॉकला सॅक्स, कूलिंगला माहले, फिल्टरला मान. बॅटरी एजीएम जातीचीच लावा. बीएमडब्ल्यूमध्ये ती बदलल्यावर स्कॅनरने नोंदवावीही लागते, नाहीतर गाडी ती जुनीच समजून चार्ज करत राहते आणि नवी लवकर संपते.

आणि समृद्धी महामार्गावर जाण्याआधी टायर. बाजूच्या चार आकड्यांत २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल असो, सहा वर्षांवरचा टायर त्या तापलेल्या काँक्रीटवर १२०ने चालवू नका. हवा महामार्गाच्या सुरुवातीला, शिवमडक्याला पोहोचल्यावर नाही, घरून निघण्याआधी टायर थंड असताना मोजा, आणि दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा जो आकडा आहे तो धरा. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं चालणारे टायर, असतील तर अनेकदा स्टेपनी नसते. पंक्चर झाल्यावर ८०च्या आत, जास्तीत जास्त ८० किलोमीटर जाता येतं, त्यामुळे पुढचा एक्झिट किती लांब आहे हे आधीच बघून ठेवा.