उड्डाण १० ते १४: बिघाडाचा पत्ता शेपटात लागला

मागच्या रविवारी माझं रिमोटवरचं मॉडेल विमान सरळ उडत होतं आणि मी खूष होतो. पण त्यासाठी रिमोटवर चार खटके डाऊन ट्रिम, म्हणजे नाक सतत खाली दाबून ठेवणारी सेटिंग, द्यावा लागला होता. त्याचा दोष मी पंखाच्या कोनाच्या माथी मारला. तिथेच चुकलो.

आज उजाडताच खंडवा रोडला, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या शेतात डाइव्ह टेस्ट घेतली. वारा अजिबात नव्हता. साधारण ७० मीटरवर अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम केलं, नाक ३० अंश खाली घातलं आणि स्टिक सोडली. नाक हळूहळू वर यायला हवं होतं. विमान मात्र त्याच कोनात खाली येत राहिलं. "दादा, ओढ, ओढ!" आतेभाऊ ओरडला तेव्हा ते बांधावरच्या बाभळीच्या उंचीला आलं होतं.

तिथेच बॅटरीसकट विमान दोन बोटांवर तोललं. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, पंखाच्या पुढच्या कडेपासून ९२ मिलीमीटर! माझ्या वहीत ८०. कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २४० आणि न्यूट्रल पॉइंट, म्हणजे सीजी जिथवर मागे गेला की विमानाची स्थिरता संपते ती जागा, हिशोबाने ९८. म्हणजे स्टॅटिक मार्जिन, या दोन्हींमधलं अंतर कॉर्डच्या तुलनेत, जेमतेम अडीच टक्के. मागे शेपूट मोडलं तेव्हा ते जोडताना प्लायची पट्टी आणि एपॉक्सी मिळून २४ ग्रॅम चढले होते, आणि त्यानंतर मी सीजी मोजलाच नव्हता. शेपूट सीजीपासून ७०० मिलीमीटरवर आहे, त्यामुळे १४५० ग्रॅमच्या विमानात एवढ्यानेही सीजी १२ मिलीमीटर मागे जातो.

१८० ग्रॅमची बॅटरी ६५ मिलीमीटर पुढे सरकवली. त्यापुढे फायरवॉल, म्हणजे मोटर बसते ती आडवी फळी. सीजी ८४ वर आला, मार्जिन जवळपास सहा टक्के. डाऊन ट्रिम काढून टाकला. पुन्हा तीच डाइव्ह, आणि या वेळी नाक आपसूक, सावकाश वर आलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग फ्युगॉइड, म्हणजे विमानाचा वर-खाली संथ हेलकावा. नाक थोडं उचलून स्टिक सोडली: विमान चढतं, मंदावतं, उतरतं, वेग घेतं, पुन्हा चढतं. तीन हेलकावे १९ सेकंदांत, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. ब्रिटिश अभियंता लँचेस्टरने १९०८ साली या हेलकाव्याला हे नाव दिलं. मीटर प्रति सेकंदातल्या वेगाला ०.४५ ने गुणलं की एका हेलकाव्याचा काळ मिळतो, विमान केवढंही असो. जीपीएसवर ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. उत्तर ६.३ सेकंद. घड्याळही तेच सांगत होतं!

डावीकडे २० अंश कलवून सोडलं तर वळण सावकाश आवळत जातं. ते चालेल.

सीजी आणखी पुढे आणायला नाकात शिसं भरणार नाही. शेपटातली प्लायची पट्टी खरवडून तिथे बारीक कार्बन रॉड बसवतो.