तुम्ही विचारलंत म्हणून : हवेवर बाण सोडणारं यंत्र

"ताई, ती हवेवरची बाणाची बंदूक तुमच्याकडेच आहे ना? आम्हाला एक करून द्याल?"

हा प्रश्न आता मला पाठ झालाय. धनुर्विद्या शिकणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, जावळी-पाटणकडचे शेतकरी फोन करून विचारतात, एमआयडीसीतले शेजारी शटरमधून डोकावून विचारतात. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग, वेल्डिंग अशी नेहमीची कामं असतातच, पण मुख्य काम जिग-फिक्श्चरचं. कंपन्यांना पार्ट पकडायला, दाबायला, ढकलायला हवेवर चालणारी फिक्श्चर्स लागतात, ती आम्ही बनवतो. बाणांशी संबंध आला तो भाचीमुळे. ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य मारते. साताऱ्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आपली अदिती स्वामी सतरा वर्षांची असताना विश्वविजेती झाली. अंतिम सामना १४९–१४७. त्याच दिवशी ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारून पुरुषांचं सुवर्ण घेतलं. ओजस मूळ नागपूरचा, पण दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली घडलेली. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळून आला होता. घराघरातली पोरं धनुष्य मागायला लागली ती उगाच नाही.

भाचीची तक्रार एकच होती. एक ठरावीक बाण सारखा डावीकडे जातो. सर म्हणत हात तपास, घरचे म्हणत बाण बदल. मला त्या वादात फिक्श्चरवालीचा प्रश्न दिसला : मोजणारा आणि मोजली जाणारी वस्तू, दोन्ही हलत असतील तर दोष कुणाचा ते कसं कळणार? आधी एक बाजू स्थिर करायला हवी. हात स्थिर करता येत नाही, म्हणून हातच काढून टाकायचा. धनुष्य तेच, बाण तोच, ओढणारा आणि सोडणारा मात्र माणूस नाही, हवेवर चालणारं यंत्र.

फरक किती बारीक असतो ते आकड्यांत बघा. कंपाउंडचं लक्ष्य ५० मीटरवर, ८० सेंटिमीटरचं. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त ४ सेंटिमीटर. बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला, तर हवेचा अवरोध बाजूला ठेवला तरी तिथे पोचेपर्यंत साधारण १७० सेंटिमीटर खाली येतो. नेमाची पिन तेवढं गृहीत धरून लावलेली असते. आता वेग ८४ झाला, तर बाण आणखी ४ सेंटिमीटर खाली येतो. सेकंदाला एक मीटरचा फरक, आणि मधोमध जाणारा बाण दहाच्या रेघेवर.

मग लोक म्हणतात त्याप्रमाणे सरळ हवेची बंदूकच का नाही केली? ती करायला सोपी, असं त्यांना वाटतं. अशी वस्तू जगात आहे. अमेरिकेत बेंजामिन कंपनीने २०१६ साली पायोनियर नावाची एक आणली, शिकारीसाठी. तिच्यात एक बारीक नळी असते आणि पोकळ बाण मागून त्या नळीवर सरकवतात. चाप ओढला की दाबाखालची हवा नळीतून बाणाच्या आत शिरते आणि थेट पुढच्या टोकाला आतून धक्का देते. म्हणजे जोर टोकापाशी लागतो आणि उरलेला बाण टोकामागून ओढला जातो.

धनुष्यात नेमकं उलटं आहे. दोरी नॉकला (बाणाच्या मागच्या खाचेला) मागून रेटते, पुढे जड पॉइंट (बाणाचं टोक) जागचा हलायला तयार नसतो, आणि या दोघांच्या मध्ये शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, वाकतो. सुतळी एका टोकाला धरून ओढली तर सरळ येते, तेच टोक पुढे ढकललं तर ती दुमडते, इथेही तेच. बाण किती वाकतो, कुठल्या अंगाला वाकतो आणि किती लवकर सावरतो, यावर तो कुठे लागणार हे ठरतं. बंदुकीतून सोडलेला बाण मागून रेटला जातच नाही. त्यामुळे भाचीचा तो वाकडा जाणारा बाणही बंदुकीतून बाकीच्यांबरोबरच जाऊन बसला असता, आणि मला काहीच कळलं नसतं. धनुष्याचा बाण तपासायचा तर तो धनुष्यातूनच सुटला पाहिजे.

दुसरं कारण दाबाचं. बंदुकीत हवेचा दाब म्हणजेच बाणाचा वेग. दर बाणामागे टाकीतली हवा कमी होते, ती नीट सांभाळली नाही तर वेग घसरतो, आणि एका मीटरने काय होतं ते वर सांगितलंच. माझ्या यंत्रात हवेकडे फक्त दोरी ओढायचं काम आहे. बाणाला मिळणारी ताकद धनुष्याच्या वाकलेल्या लिंबमधून, म्हणजे वरच्या-खालच्या पात्यांमधून येते. कंप्रेसरचा काटा थोडा इकडेतिकडे झाला, तरी दोरी ठरल्या जागेपर्यंत आली की झालं; बाणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता यंत्राबद्दल. चॅनेल आणि जाड प्लेटचा सांगाडा, खाली फाउंडेशन बोल्ट. पुढे धनुष्याची मूठ बसते ती रबरी पॅडवर. शिकंज्यात आवळलेलं धनुष्य आणि हातातलं धनुष्य वेगळं वागतं. बाण सुटताना धनुष्य हातात थोडं पुढे उडी घेतं, तेवढी मोकळीक ठेवावी लागते. मागे सरळ रेषेत ३२ मिलिमीटर बोअरचा आणि ६०० मिलिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर. पिस्टन आत येताना ओढतो, त्यामुळे रॉडची जागा वजा करून हिशेब करायचा. १२ मिलिमीटरचा रॉड धरला तर ६ बार दाबाला साधारण ४१५ न्यूटन मिळतात. ५० पौंडाच्या धनुष्याला कमाल २२२ न्यूटन लागतात. म्हणून रेग्युलेटर साडेचार बारवर ठेवला तरी ताकद भरपूर उरते.

पण खरं अवघड काम इथेच आहे, आणि या भागावर माझा फार जीव आहे. कंपाउंड धनुष्य ओढताना आधी जोर वाढत जातो, शिखर गाठतो, आणि मग कॅम (टोकाचं चाक) फिरला की एकदम कोसळतो. लेट-ऑफ, म्हणजे ही घट, ८० टक्के असेल तर २२२ न्यूटनांवरून थेट ४४वर. माणसाच्या हाताला ते कळतं, तो आपोआप सैल पडतो. सिलिंडरला कळत नाही. हवा दाबलेली असते, समोरचा विरोध नाहीसा झाला की ती फुगते, आणि पिस्टन हिसका मारून शेवटाला आदळतो. त्या एका हिसक्याने बाण रेस्टवरून (तो टेकतो त्या आधारावरून) उडतो, डी-लूपवर (दोरीवरच्या पकडायच्या फासावर) ताण येतो, कॅमच्या स्टॉपवर घाव बसतो. म्हणून आत येणारी हवा कोंडायची नाही. पलीकडच्या बाजूने बाहेर पडणारी हवा कोंडायची. फ्लो कंट्रोल उलट दिशेने बसवला की पिस्टनसमोर नेहमी हवेची एक गादी राहते. जोर कोसळला तरी ती गादी त्याला धरून ठेवते. वर्कशॉपमधल्या नव्या मुलांना हा फरक समजावायला मी हेच यंत्र दाखवते : स्क्रू एकीकडे लावला तर धनुष्य दचकतं, दुसरीकडे लावला तर श्वास घेतल्यासारखं मागे येतं.

शेवटी स्लाइड एका कठीण केलेल्या स्टॉप-बोल्टला टेकते, त्याला लॉक नट. ओढ किती ते हवा ठरवत नाही, हा बोल्ट ठरवतो. तिथे पोचल्यावर एक छोटा सिलिंडर रिलीजचा, म्हणजे दोरी धरून सोडणाऱ्या कळीचा, घोडा दाबतो आणि बाण सुटतो. नॉकपाशी एक फोटो सेन्सर आहे. बाण दोरीवर नसेल तर मुख्य व्हॉल्व्ह उघडतच नाही, कारण रिकामी दोरी सोडली तर सगळी ताकद लिंबमध्ये परत जाते आणि धनुष्य फुटतं. आणि मागच्या दाराला लिमिट स्विच आहे. दार उघडं असेल तर हवा मिळत नाही. यंत्रासमोर कुणी येणारच नाही, ही खात्री यंत्रानेच द्यायला हवी, यावर मी अडून बसते.

तपासायची रीत साधी, पण सबुरीची. शेडच्या लांबीत वीसेक मीटर मिळतात. तिथे वारा नाही, आणि साताऱ्याच्या वाऱ्याचं यवतेश्वरच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. दोन बाण लागोपाठ सोडायचे नाहीत. इतक्या जवळून यंत्र दुसरा बाण पहिल्याच्या नॉकवरच मारतं आणि शाफ्ट चिरतो. म्हणून एक सोडायचा, बटवरच्या (बाण रुततो त्या गादीवरच्या) कागदातल्या छिद्राशेजारी पेन्सिलीने बाणाचा नंबर लिहायचा, बाण काढायचा, मग पुढचा. हे होत आलं की कागदावर एक खडबडीत भोक दिसतं, त्याभोवती बहुतेक सगळे नंबर, आणि लांब एकटा पडलेला एखादा.

भाचीचा तो बाण असाच एकटा पडला. मग तो डायल गेजखाली घेतला. बाणाचा कडकपणा मोजायची ठरलेली पद्धत आहे : २८ इंचांवर दोन टेकू, मधोमध ८८० ग्रॅम वजन, आणि शाफ्ट किती झुकतो ते इंचाच्या हजारांशात. ४०० स्पाइनचा (हा कडकपणाचा आकडा) शाफ्ट ०.४०० इंच झुकतो, म्हणजे दहा मिलिमीटर. पण एवढ्यावर थांबायचं नाही. वजन तसंच ठेवून बाण स्वतःभोवती फिरवायचा. कार्बनचा कापड गुंडाळून केलेला शाफ्ट सगळीकडून सारखा नसतो. थर जिथे एकावर एक येतात तिथे तो जास्त कडक. काटा हळूच चढतो, हळूच उतरतो. या बाणात ती कडक बाजू इतरांपेक्षा वेगळ्या दिशेला होती, एवढंच. नॉक फिरवून कडक बाजू बाकीच्यांच्या रांगेत आणली, पुन्हा यंत्रावर लावला, आणि तो त्या भोकात जाऊन बसला. नवा बाण घ्यावा लागला नाही. पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मात्र बाणापेक्षा मोठं होतं : आपल्या हातात खोट नाही, हे तिला कागदावर दिसलं.

हे कळल्यापासून मला वाटतं की धनुर्विद्येच्या प्रत्येक मोठ्या केंद्रात असं एक यंत्र असावं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच येते आहे. आपल्याकडे तिरंदाज आहेत. बाण निवडून देणारी माणसंही लागतील.

आता शेतकरीदादांसाठी. तुमचा त्रास मी कमी लेखत नाही. कोयनेच्या, चांदोलीच्या कडेला रानडुक्कर आणि गवा रात्रीत शेत आडवं करतात. तरीही बाणाची बंदूक मी करून देणार नाही, कितीही पैसे दिलेत तरी. आधी कायदा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हवेच्या शस्त्राची ताकद २० ज्यूलच्या वर गेली किंवा नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी असली, तर परवाना लागतो. ती अमेरिकन बंदूक २४ ग्रॅमचा बाण सेकंदाला १३७ मीटरने सोडते. हिशेब करा, सव्वादोनशे ज्यूलच्या पुढे जातो. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं हाही १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, वापरणं तर पुढचं. डुक्कर आणि गवा दोघंही १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. दुसरं, तिची हवा ३००० पीएसआयची, म्हणजे २०० बारच्या वर. आमच्या कंप्रेसरची धाव आठ-दहा बार. दोनशे बारची टाकी कुणी गल्लीत वेल्डिंग करून देतो म्हणाला तर त्याच्याजवळ उभंसुद्धा राहू नका. फुटली तर तिचे तुकडे होतात आणि ते अंगावरच येतात.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. बाण कापून, रक्त वाहून मारतो; जनावर जागेवर पडत नाही. अंधारात मारलेलं डुक्कर बाणासकट उसात शिरणार, आणि सकाळी त्या फडात कोयता घेऊन बायका-माणसं उतरणार. जखमी डुकराने काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यापेक्षा पीक गेल्याचा पंचनामा लगेच करून घ्या. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, अर्ज वेळेत जायला हवा. अर्ज लिहायला मदत लागली तर वर्कशॉपवर या, मी बसून लिहून देईन.

आईवडिलांसाठी एवढंच : बाण तपासायला आणताना मुलाला आणि त्याचं धनुष्यही सोबत आणा, दुसऱ्याच्या धनुष्यावर तपासून उपयोग नाही. प्रत्येक बाणावर पिसांजवळ नंबर घाला. नॉक चिकटवलेले नसावेत, फिरवता आले पाहिजेत. आणि दुपारनंतर या, सकाळी कंप्रेसर कंपनीच्या कामाला जुंपलेला असतो.