लाल रेघ न पडणारे शब्द

इंग्रजी पुस्तकांची प्रुफं वाचणं हे माझं काम. ज्याचं स्पेलिंगच चुकलंय तो शब्द आता संगणकच पकडतो, खाली लाल रेघ येते. माझ्या वाट्याला उरतात ते स्पेलिंग अचूक असलेले, पण भलत्याच जागी जाऊन बसलेले शब्द. 'मार्शल लॉ'मधल्या 'टी' आणि 'आय'ची अदलाबदल झाली की 'मॅरिटल लॉ' होतो. लष्करी अंमलाचा विवाहाचा कायदा झाला तरी रेघ काही उमटत नाही, कारण शब्द दोन्ही खरे आहेत. पहिला मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आलाय, दुसरा नवरा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

अशा जोड्या पाठ करायला लोक यमकं आणि क्लृप्त्या शोधतात. मी आधी शब्दाचं कूळ बघते. एका पोटची भावंडं पुढे वेगळी झालीत, की दोन परके योगायोगाने सारखे दिसताहेत? हे एकदा कळलं की शब्द डोक्यात पक्का बसतो.

सख्ख्या भावंडांमध्ये माझी लाडकी जोडी 'स्टेशनरी'ची. 'ए-आर-वाय'ने संपणारी म्हणजे एका जागी स्थिर, 'ई-आर-वाय'ने संपणारी म्हणजे कागद, पाकिटं वगैरे लेखनसाहित्य. मध्ययुगीन युरोपात बरेचसे विक्रेते माल घेऊन गावोगाव हिंडायचे. विद्यापीठांच्या आसपास ग्रंथ विकणारे मात्र ठरलेल्या जागी ठाण मांडून बसत, म्हणून ते 'स्टेशनर'. लंडनमध्ये त्यांचा संघ 1403 मध्ये उभा राहिला आणि 1557 मध्ये त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी, जशी बेकरची बेकरी. 'बेकर'मध्ये 'ई' आहे, तसाच 'स्टेशनर'मध्येही. वेगळी क्लृप्ती हवीच कशाला?

'डिस्क्रीट'चंही तसंच. उच्चार तंतोतंत एक, आणि मूळही एकच लॅटिन शब्द, ज्याचा अर्थ 'वेगळं केलेलं'. शेवटी 'ई-ई-टी' असेल तर तो माणसाचा गुण: काय बोलावं आणि काय पोटात ठेवावं हे वेगळं करता येणारा. 'ई-टी-ई' असेल तर सुटेसुटे, एकमेकांपासून अलग. गणितातल्या 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स'मध्ये असतो तो हा. यात 'टी' दोन 'ई'ना अलग करून मधे उभा असतो, ते चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की पुन्हा गोंधळ होत नाही. 'क्वाएट' आणि 'क्वाइट' ही अक्षरांच्या अदलाबदलीची जोडीसुद्धा मुळात एकाच घरची. 'निवांत' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून दोन्ही निघाले. एकात शांतता टिकली. दुसरा 'मोकळा', 'पूर्ण सुटलेला' अशा अर्थांवरून 'अगदी'पर्यंत पोचला.

परक्यांची गंमत निराळी. 'डायरी' आली लॅटिनमधल्या 'दिवस' या शब्दावरून. 'डेअरी'चा उगम मात्र जुन्या इंग्रजीतल्या कणीक मळणाऱ्या बाईच्या नावात आहे. पुढे ते कामवालीचं, मग दूधदुभतं बघणारीचं नाव झालं आणि तिची जागा ती डेअरी. 'लेडी' या शब्दाचा उत्तरार्धही त्याच मळणारीचा! आणि 'होर्ड'? 'ओ-ए' असलेला अस्सल जुना इंग्रजी, अर्थ साठा, दडवलेलं धन. 'ओ' आणि शेवटी 'ई' असलेला, म्हणजे झुंड, हा तुर्की कुळातला. छावणी या अर्थाचा जो 'ओर्दू' शब्द त्याच्या मुळाशी आहे, त्याच्यापासूनच 'उर्दू' हे भाषेचं नाव आलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातलं प्रूफ बाजूला ठेवलं होतं.

कूळ कळलं तरी एका जोडीपुढे मला थांबावंच लागतं: 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'. पहिलं क्रियापद आणि दुसरं नाम, असा नियम सांगतात. तो बहुतेक ठिकाणी चालतो, सगळीकडे नाही. 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं, 'अफेक्ट अ चेंज' म्हणजे होत असलेल्या बदलावर परिणाम करणं. व्याकरण दोन्हीकडे बरोबर, मजकुराचा अर्थ मात्र पार वेगळा. संदर्भावरून उलगडा झाला नाही, तर मी परस्पर अक्षर बदलत नाही. समासात प्रश्नचिन्ह काढून दोन्ही अर्थ लिहिते आणि पान लेखकाकडे परत पाठवते.