डेम्पस्टर हायवे: टायर आधी, नकाशा नंतर

कॅनडातल्या व्हाइटहॉर्सहून आर्क्टिक समुद्रकाठच्या टुक्टोयाक्टकला जाऊन परत येणं म्हणजे सुमारे २९०० किलोमीटर. आकडा पाहून पाच दिवस पुरतील असं वाटतं आणि तिथेच बेत फसतो. किमान नऊ दिवस हाताशी ठेवा.

डॉसन सिटीच्या ४० किलोमीटर अलीकडे डेम्पस्टर हायवेचा फाटा लागतो. तिथून इनुविकपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, जवळपास सगळी खडी. पुढचा टुक्टोयाक्टकपर्यंतचा १३८ किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला, तोही खडीचाच. डांबर नसण्याला कारण आहे. खालची जमीन कायमची गोठलेली असते आणि तिला ऊब लागली की रस्ता खचतो. म्हणून खडीचा जाड थर, काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त, गोधडीसारखा अंथरलाय, फक्त उलट्या कामासाठी: थंडी आत राखायला.

या खडीत धारदार पाटीचा दगड असतो. तो टायरची बाजू चिरतो, आणि बाजूची चीर पंक्चरच्या प्लगने बुजत नाही. त्यामुळे दहा प्लायचे (दहा थरांच्या ताकदीचे) एलटी म्हणजे हलक्या ट्रकचे टायर आणि पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या घ्याच. छोटी तात्पुरती स्टेपनी इथे निरुपयोगी. प्लग किट, बारा व्होल्टचा कंप्रेसर, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी, नाहीतर जॅक खडीत रुततो. वेग ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या आतच. समोरून ट्रक आला की उजवीकडे सरका आणि वेग अगदी कमी करा, काच वाचते.

इंधनाचा हिशेब डॉसनपासून करा. ईगल प्लेन्सचा पंप फाट्यापासून ३६९ किलोमीटरवर, म्हणजे डॉसनहून ४०९. एरवी लिटरला १२ देणारी गाडी खडीवर १० देईल असं धरा: ४१ लिटर लागतील. टाकी ५० लिटरची असली तरी २० लिटरचा कॅन सोबत हवाच, कारण चिखलात किंवा समोरच्या वाऱ्यात हा हिशेब कोलमडतो. पुढचा पंप थेट फोर्ट मॅकफर्सनला.

पील आणि मॅकेंझी या दोन नद्या उन्हाळ्यात फेरीने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीने, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून ओलांडायच्या. मधल्या काळात, बर्फ धरताना आणि फुटताना, रस्ता तुटलेलाच असतो. उन्हाळ्यातही पाणी चढलं किंवा ओंडके वाहून आले तर फेरी थांबते, आणि गाडीला दुसरा मार्ग नाही. नऊ दिवसांतले दोन मोकळे दिवस याचसाठी. पाणी आणि खाणं तीन दिवसांचं जास्तीचं ठेवा.

जून-जुलैत डासांचा सुळसुळाट असतो. ऑगस्टअखेर टुंड्रा, म्हणजे इथला झाडं नसलेला माळ, लाल-पिवळा होतो आणि डासही ओसरतात, आमच्या मते हाच काळ उत्तम. बर्फाची एखादी सर मात्र गृहीत धरा.

भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. अनेक करारांत खडीच्या रस्त्याला मनाई असते आणि मग विमाही लागू होत नाही. मोबाइलची रेंज वाटेत बहुतांश नसते, तेव्हा सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, घ्या.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की त्याचा निसरडा गारा होतो, आणि चाकाच्या आत सुकला की दगडासारखा घट्ट बसतो. परतीत स्टिअरिंग थरथरलं तर अलाइनमेंटकडे धावण्याआधी रिमच्या आतली बाजू आणि रेडिएटर पाण्याने धुऊन बघा.