पद्मिनीला कोणता प्लग घालू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: प्रीमियर पद्मिनीला इरिडियमचे स्पार्क प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) घालायची गरज नाही. घरात जपून ठेवलेली कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली १०८९ सीसीची गाडी, तिला सगळ्यात भारी तेच द्यावं असं वाटणारच. पण इरिडियमचं मोल त्याच्या टिकाऊपणात आहे. ज्या इंजिनात प्लगपर्यंत हात पोचवायला निम्मं सामान उतरवावं लागतं, तिथे ते परवडतं. पद्मिनीचं बॉनेट उघडलं की चारही प्लग समोर. तिला साधा निकेलचा प्लग पुरतो, फक्त तो नेमका हवा.

आधी आट्यांची लांबी बघा. १४ मिमीच्या प्लगमध्ये १२.७ आणि १९ मिमी अशा दोन लांब्या सर्रास मिळतात, आणि दोन्ही त्याच भोकात फिरतात. लांब प्लग आखूड जागी गेला तर पिस्टनला लागू शकतो. आखूड प्लग लांब जागी घातला तर उघड्या आट्यांत कार्बन धरतो आणि पुढे योग्य प्लग घालताना तेच आटे खराब होतात. दुकानात नमुना म्हणून जुना प्लग नेता ना? तोही आधीच्या कुणी चुकीचा घातलेला असू शकतो. मॅन्युअल पाहूनच घ्या.

मग हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते: लवकर सोडतो तो ‘थंड’, धरून ठेवतो तो ‘गरम’. खरा घोळ इथेच होतो. प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५०च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. या दोहोंच्या मधे राहणारा प्लग हवा. पण कंपन्यांचे आकडे एकमेकांच्या उलट चालतात. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या आताच्या क्रमांकात आकडा वाढला की गरम. त्यातही बॉशचे जुने १७५, २२५ असे तीन आकडी क्रमांक असत, त्यात मोठा आकडा म्हणजे थंड. जुन्या बाजारात असा डबा हाती आला तर आकड्याला आकडा जुळवू नका, तक्ता बघा.

गॅप, म्हणजे जिथे ठिणगी पडते ती प्लगच्या टोकाची फट, मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) घ्या. जुन्या, इलेक्ट्रॉनिक नसलेल्या, पॉइंटवाल्या इग्निशनच्या गाडीत मी ०.६ मिमी ठेवतो.

प्लग काळे पडतात म्हणून गरम प्लग मागणारे पुष्कळ. रविवारी गाडी काढायची, कोपऱ्यापर्यंत नेऊन परत लावायची, तर प्लग तापणार कधी? आधी चोक (थंड इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढवणारा) पूर्ण परत जातो का बघा, कार्बोरेटर तपासा, अर्धा-पाऊण तास नीट चालवा आणि मग प्लग काढा. टोक बिस्किटी रंगाचं दिसलं तर हीट रेंज बरोबर आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; ओलसर, तेलकट काळं असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे वळा, तिथून इंजिनचं ऑइल आत शिरतंय, प्लग बदलून ते थांबणार नाही.

आणि प्लग ज्यात बसतात ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, तेव्हा इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा-घाला. सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. नवा वॉशर असेल तर हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा फेरा बास.