लंडनला मागे टाकलं तेव्हा

बुधवारी दुपारी आमच्या शहराने लंडनला मागे टाकलं. एक्सेलमध्ये.

मुंबईला लागून असलेल्या एका महापालिकेत मी सांख्यिकी सहायक आहे. जन्म-मृत्यूचे आकडे दर महिन्याला जुळवून वर पाठवायचे. लोकांना वाटतं आकडे आपोआप येतात. माझा अर्धा महिना "तुमच्या नर्सिंग होमचे फॉर्म अजून आले नाहीत" असे फोन करण्यात जातो. त्यात साहेबांना एका परिषदेत शहराशहरांची तुलना मांडायची होती: आपण, पुणे, सिंगापूर, लंडन. तक्ते करायला एक सल्लागार मुलगा आला होता. हुशार आहे, पण डॅशबोर्डवाल्यांचा एक रोग त्यालाही आहे. रकाना भरला की काम झालं असं त्यांना वाटतं.

अर्भक मृत्यूदर म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेली बाळं. नमुना नोंदणीनुसार, म्हणजे देशभरातल्या निवडक वस्त्यांच्या सरकारी पाहणीनुसार, २०२० मध्ये देशाचा दर २८ होता, महाराष्ट्राचा १६. इंग्लंड-वेल्सचा २०२१ मध्ये ३.७. आमच्या कार्यालयातल्या नोंदींवरून काढलेला आमचा त्याच्याही खाली आला, आणि तक्त्यातल्या लंडनच्याही. मुलाने चौकट हिरवी केली. साहेब म्हणाले, "अरे वा!"

मला पोटात गोळा आला. आमच्या गावात बाळ कमी दिवसांचं झालं, रडलं नाही, निळं पडलं, की रात्रीच अँब्युलन्स मुंबईच्या रस्त्याला लागते. वाचलं तर परत येतं. नाही वाचलं तर नोंद तिथेच होते, कारण १९६९ च्या कायद्याने घटना जिथे घडली तिथेच ती नोंदवायची. जन्म आमच्या खात्यावर, मृत्यू मुंबईच्या. भागाकाराचा खालचा आकडा आमचा आणि वरचा त्यांच्याकडे अडकलेला, असा तो हिरवा रंग. मुंबईतही हेच. परळला केईएम, वाडिया, टाटा एकाच वॉर्डात. निव्वळ नोंदी मोजल्या तर वाटेल, परळला राहणं म्हणजे जिवावर उदार होणं. पण ती माणसं राज्यभरातून उपचाराला आलेली असतात.

इंग्लंडमध्ये अर्भकाच्या मृत्यूची नोंद त्याच्या जन्माच्या नोंदीला जोडतात आणि आकडा आईच्या राहत्या पत्त्यावर मांडतात. बाळ कुठल्याही इस्पितळात गेलेलं असो, आकडा घरी येतो.

आमच्याकडे त्यात माहेर. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी साताऱ्याला, सांगलीला जाते. बाळाचा जन्म तिकडे नोंदला जातो आणि दोन महिन्यांनी ते इथे येतं. इथल्या माहेरवाशिणींचं उलटं. लंडनच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. पण आपल्या जन्माच्या फॉर्मात आहे, आणि त्याचं मला फार कौतुक वाटतं. सांख्यिकी भागात आईच्या राहण्याचं गाव विचारलंय आणि पुढे खुलासाच केलाय, की आई नेहमी राहते ते ठिकाण लिहा, ते प्रसूतीच्या ठिकाणाहून वेगळं असू शकतं. हे लिहिणाऱ्याला माहेर ठाऊक होतं! भरणाऱ्याला मात्र नाही. रात्री एक वाजता नर्सिंग होममधला कुणीतरी तिथे डोळे झाकून दवाखान्याचंच गाव टाकतो.

किती फॉर्म असे आहेत ते बघायला खाली रेकॉर्डला गेले, तर खिडकीवर एक माणूस उभा होता. तिशीचा असेल. हातात कपड्याच्या दुकानाची पिशवी. मृत्यूचा दाखला हवा होता, कंपनीत रजेसाठी.

आमचे बाबू म्हणाले, "इथं नाही मिळणार. मुंबईत झालाय ना? तिकडच्या वॉर्डात जा."

"पण जन्माचा तुम्हीच दिला की, साहेब."

त्याने तो काढून दाखवला. नावाचा रकाना कोरा. सोबत मुंबईच्या रुग्णालयाचे केसपेपर होते. वजन ११५० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी गेलं. बाबू चुकीचं काही बोलले नव्हते, फक्त मान वर करून बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्याला वॉर्ड ऑफिसचा पत्ता लिहून दिला. निघताना त्याने विचारलं, "मॅडम, म्हणजे तुमच्याकडं त्याचं काहीच लिहिलेलं नाही?"

लिहिलेलं होतं ना. जन्म. आमच्या रजिस्टरप्रमाणे ते बाळ अजून आहे.

वर येऊन साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही, पण परिषद सोमवारी. म्हणाले, "खाली टीप टाका, नोंदी घटनास्थळानुसार म्हणून." टीप टाकली. मागच्या रांगेतून ती वाचायला दुर्बीण लागेल. चौकट हिरवीच राहिली.

मग त्या मुलाने विचारलं, "मॅडम, मुंबईकडून आपल्या पत्त्यावरच्या मृत्यूंची यादी मागवता येत नाही का?" येते. एक पत्र लिहायचं असतं. अकरा वर्षं मी हे आकडे वर पाठवतेय आणि ते पत्र कधी लिहिलं नव्हतं. कुणी मागितलं नाही, मीही विचारलं नाही. डॅशबोर्डवाल्यांबद्दल वर जे लिहिलं ते मग मलाही लागू आहे.

शुक्रवारी साहेबांची सही घेतली, जावक क्रमांक पडला, पत्र गेलं. यादी येईल तेव्हा येईल. पण ते बाळ तिच्यात नसेल. केसपेपरवरचा पत्ता मी वाचला होता. दाखल करून घेतील की नाही या धास्तीने असेल, किंवा कुणी तसं सुचवलं असेल, त्यांनी भायखळ्याच्या मावशीचा पत्ता दिला होता.